व्होल्टेज कोसळलं तरी पवनचक्कीने पाठ दाखवायची नाही

काकती-होनगा पट्ट्यात वळीव कोसळू लागला की दिवे क्षणभर मंदावतात आणि पुन्हा लख्ख होतात. दूर कुठेतरी फांदी तारेवर पडलेली असते किंवा लाइनवर वीज कोसळलेली असते. ब्रेकर तो भाग तोडेपर्यंत आसपासचं व्होल्टेज खाली बसतं. घरात दिवा लुकलुकण्यावर भागतं, पण कारखान्यात तेवढ्यात मोटारी थांबू शकतात.

त्या क्षणी सौंदत्तीच्या माळावरच्या किंवा साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्कीने काय करावं? पूर्वी उत्तर सोपं होतं: ग्रीडपासून सुटं व्हावं आणि सगळं स्थिरस्थावर झालं की परत यावं. पवनचक्क्या मोजक्या होत्या तोवर हे चाललं. मार्च २०२५ अखेर देशाची पवनऊर्जा क्षमता ५० गिगावॅटवर पोहोचली. आता शेकडो चक्क्या एकदम सुटल्या, तर फांदीने सुरू झालेला छोटा बिघाड अख्ख्या ग्रीडला आडवं करू शकतो. त्यात आपल्याकडे वारा भरात असतो तो पावसाळ्यातच, आणि लाइनवरचे बिघाडही तेव्हाच वाढतात.

म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नियम घातला. १५ एप्रिल २०१४ पासून ६६ केव्ही किंवा त्याहून वरच्या व्होल्टेजला जोडल्या जाणाऱ्या पवनऊर्जा प्रकल्पांनी, व्होल्टेज १५ टक्क्यांवर आलं तरी ३०० मिलिसेकंद टिकून राहायचं. म्हणजे २२० केव्हीच्या जोडणीवर जेमतेम ३३ केव्ही उरलं तरी जागा सोडायची नाही.

तीनशे मिलिसेकंदांत काय घडतं?

वारा तर थांबत नाही. पाती वळवून त्याचा जोर कमी करायला काही सेकंद लागतात. इकडे व्होल्टेज पडल्यामुळे वीज बाहेर जायची वाट अरुंद झालेली असते. वंटमुरी घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकचा क्लच अचानक सुटला की इंजिन जसं उधळतं, तसा चक्कीचा रोटर वेग घेऊ लागतो.

बऱ्याच चक्क्यांत जनरेटरचा स्टेटर थेट ग्रीडला जोडलेला असतो आणि रोटर कन्व्हर्टरमार्फत. हा कन्व्हर्टर एकूण शक्तीच्या साधारण ३० टक्क्यांपुरताच बनवलेला असतो. व्होल्टेज कोसळताच स्टेटरमधलं चुंबकीय क्षेत्र लगेच विरत नाही. ते फिरत्या रोटरमध्ये मोठा प्रवाह उसळवतं. त्याने कन्व्हर्टरमधले नाजूक अर्धवाहक स्विच जळू शकतात. ते वाचवायला 'क्रोबार' पुढे येतो: तो रोटरची वेटोळी रोधकांतून एकमेकांना जोडतो आणि उसळलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

पण क्रोबार फार वेळ लावून ठेवता येत नाही. तो लागलेला असताना चक्की साध्या इंडक्शन जनरेटरसारखी वागते आणि ग्रीडकडूनच रिअॅक्टिव्ह पॉवर ओढते. व्होल्टेज सावरायला ग्रीडला नेमकी तीच हवी असते. म्हणून नियंत्रकाने क्रोबार चटकन सोडवायचा, कन्व्हर्टर पुन्हा ताब्यात घ्यायचा आणि उलट ग्रीडलाच रिअॅक्टिव्ह प्रवाह पुरवायचा. संपूर्ण वीज कन्व्हर्टरमधून पाठवणाऱ्या चक्क्यांत क्रोबार लागत नाही; तिथे 'चॉपर' हा स्विच जादा ऊर्जा रोधकात जिरवतो.

ऑस्ट्रेलियाने मोजलेली किंमत

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने पारेषणाचे मनोरे पाडले. दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज पडलं. किती वेळा तग धरायचा याची मर्यादा नऊ पवन प्रकल्पांच्या नियंत्रण प्रणालीत आधीच ठरवलेली होती. ती ओलांडताच सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट वीज घटली. तो सगळा भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाइनवर गेला, ती सुटली आणि साडेआठ लाख ग्राहक अंधारात गेले. नंतर ती मर्यादा बदलण्यात आली.

चक्की तीच, पाती तीच. फरक पडला तो सेटिंगचा. म्हणून नवा प्रकल्प उभा राहताना तो किती मेगावॅटचा, एवढंच विचारून थांबू नये. ओळीने चार-पाच धक्के बसले तर तो ग्रीडला धरून राहील का, हेही विचारावं आणि त्याची चाचणी मागावी. जुन्या, छोट्या चक्क्या बदलून नव्या उभारताना तर हा निकष पहिल्या ओळीत हवा. वाऱ्याच्या विजेवर भिस्त ठेवायची, तर तिने वळवातही आपल्या बाजूने उभं राहायला हवं.