वसंत ऋतु आणि वर्गांतील चित्रकला



फाल्गुन सरत आला कीं पुष्कळ प्राथमिक शाळांच्या भिंतींवर एकच चित्र झळकूं लागतें. दोन त्रिकोणी डोंगर, मध्यें उगवता सूर्य, एक हिरवेंगार झाड आणि खालीं 'वसंत ऋतु' अशीं अक्षरें. गुरुजींनीं तें फळ्यावर काढावें व मुलांनीं उतरून घ्यावें, अशी ही रीत. मींही पुष्कळ वर्षें तसेंच केलें. ती रीत मीं कां सोडिली तें प्रथम सांगतों. कारण आजच्या भाषणाचें मर्म त्यांतच आहे.

तिसरीच्या वर्गांत एका मुलानें पिंपळ काढिला व त्याचीं पानें तांबडीं रंगविलीं. "पानें हिरवीं असतात," असें म्हणून मीं त्या चित्रावर फुली मारिली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळा भरण्यापूर्वीं माझ्या टेबलावर पिंपळाची एक कोवळी डहाळी ठेविलेली दिसली. तिचीं पानें नुकत्याच घांसलेल्या तांब्याच्या भांड्यासारखीं तांबूस चकाकत होतीं. तो पिंपळ शाळेच्या आवारांतच उभा होता आणि मी रोज त्याच्याखालून जात होतों! मीं माझी चूक वर्गासमोर कबूल केली. तथापि त्यानंतर वर्षभर तो मुलगा रंग हातीं घेतांना आधीं माझ्या तोंडाकडे पाही व मग कागदाकडे. मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास एका फुलीनें जातो. तो परत आणावयास एक वर्ष पुरत नाहीं.

वस्तुतः आपल्याकडील वसंत हा केवळ हिरव्या रंगाचा ऋतु नव्हेच. पिंपळ, आंबा, कुसुंब ह्यांची नवी पालवी तांबूस असते. कोवळ्या पानांत हरितद्रव्य पुरतें तयार झालेलें नसतें, आणि अँथोसायनिन नांवाचें तांबडें रंगद्रव्य असतें. प्रखर ऊन व कीड ह्यांपासून पानाचें रक्षण करण्यास तें उपयोगी पडत असावें, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पळस, पांगारा व सांवर हे वृक्ष तर पानें गाळून फुलतात. तेव्हां मुलांना प्रथम बाहेर न्यावें व मग कागद द्यावा. व्हिएन्ना शहरांत फ्रांट्स चिझेक ह्या चित्रकारानें १८९७ सालीं मुलांचा चित्रवर्ग काढिला. मुलांनीं मोठ्यांची नक्कल न करतां स्वतःचें चित्र काढावें, असा त्याचा कटाक्ष होता. आतां ह्याच धोरणानें करतां येण्याजोगे चार उपक्रम सांगतों. त्यांस खर्च जवळजवळ नाहीं.

पहिला, डहाळीची रोजनिशी. होळी पौर्णिमेपासून पाडव्यापर्यंत पंधरा दिवस असतात. आवारांतील एका झाडाच्या हातापोहोंच्या डहाळीस दोरा बांधावा आणि दर तिसऱ्या दिवशीं मुलांनीं तिच्यापाशीं बसून एक लहान चित्र काढावें. चित्रावर तिथि लिहावी. पाडव्याला प्रत्येकाजवळ सहा चित्रें होतील. तीं ओळीनें लाविलीं कीं कळी कशी फुगली, पान कसें उलगडलें व रंग कसा पालटला, हें मुलेंच एकमेकांना सांगूं लागतात.

दुसरा, पळसाचा रंग. झाडाखालीं गळून पडलेलीं फुलें वेंचावीं. झाडावरचीं ओरबाडूं नयेत. दोन ओंजळी फुलें पाण्यांत उकळून गाळलीं कीं पिवळा रंग मिळतो. त्यांतील थोड्या रंगांत चिमूटभर चुना घातला म्हणजे तो गडद नारिंगी होतो. हळदीच्या पाण्यांत चुना पडला तर तें तांबडें होतें. उकळण्याचें व चुना घालण्याचें काम मात्र गुरुजींनीं स्वतः करावें, कारण चुन्यानें हात व डोळे पोळतात. कडुलिंबाच्या काडीचें टोक ठेंचलें कीं कुंचला तयार. हे रंग उन्हांत फिके पडतात; एक चित्र उन्हांत व एक पेटींत ठेवून मुलांना तेंही पाहूं द्यावें.

तिसरा, जाळीचें पान. पिंपळाचीं जून पानें तीन-चार आठवडे पाण्यांत भिजत ठेवावीं व पाणी मधून मधून बदलावें. दुर्गंधी येते, म्हणून भांडें वर्गाबाहेर असावें. गर कुजून सुटला कीं मऊ कुंचल्यानें तो हळूहळू काढावा, म्हणजे शिरांची जाळी तेवढी उरते. ती काळ्या कागदावर ठेवून मुलांनीं पांढऱ्या खडूनें तिची आकृति काढावी. पानाची रेषा कोठून निघते व कोठें जाते, हें त्यांस त्यानंतर शिकवावें लागत नाहीं.

चौथा, चैत्रांगण. चैत्रांत पुष्कळ घरांच्या दारीं ही रांगोळी काढितात. तींत गौर, चंद्र, सूर्य, शंख, कासव, गोपद्में अशीं चिन्हें असतात. प्रत्येक मुलानें घरच्या आजीपासून एक चिन्ह शिकून यावें व सर्वांनीं मिळून शाळेचें अंगण भरावें. ज्यांच्या घरीं ही चाल नसेल त्यांनीं आपल्या घरची दुसरी एखादी नक्षी आणावी. तिलाही अंगणांत तेवढीच जागा असावी.

शेवटीं शिक्षकबंधुभगिनींना एक विनंति. चित्रें तपासतांना तांबडी शाई दूर ठेवावी. एखाद्यानें पान निळें काढिलें तर "हें कोठें पाहिलेंस, बाळ?" एवढेंच विचारावें. कदाचित् तें त्यानें संध्याकाळच्या सावलींत पाहिलें असेल. कदाचित् तें त्याच्या मनांतलेंच असेल. पहिल्या प्रसंगीं त्याच्याबरोबर जाऊन आपणही पाहावें आणि दुसऱ्या प्रसंगीं त्याची गोष्ट ऐकावी. परंतु चूक ठरविण्यापूर्वीं आपण स्वतः एकदां झाडाखालीं उभें राहून वर पाहिलें आहे ना, ह्याची खात्री करून घ्यावी. मीं ती करून घेतली नव्हती.