चाळ, चाकण आणि परदेशी कांदा

सरकारी व्यापार-आकडेवारीत भाजीपाल्याची आयात मोठी दिसते, पण तिचा बराचसा भाग ताज्या भाजीचा नसतो. कारण सीमाशुल्काच्या वर्गवारीतील सातव्या प्रकरणात, म्हणजे भाजीपाल्याच्या सदरात, वाळलेली कडधान्येही धरली जातात आणि म्यानमार-मोझांबिकची तूर व कॅनडाचा मसूर यांची रक्कम त्याच खात्यावर पडते. ती वगळली, तर वर्षाला सुमारे २० कोटी टन भाजीपाला पिकवणारा, उत्पादनात चीनखालोखाल असलेला भारत ताज्या भाजीत जवळपास स्वयंपूर्ण आहे. तरीही २०१९ अखेरीस तुर्कस्तान आणि इजिप्तचा कांदा आणावा लागला. त्याचे कारण मावळातल्या इंदुरी गावाच्या परिसरातून नीट समजते.

मावळात पश्चिमेला भात पिकवणारा धुवाधार पाऊस पूर्वेकडे कमी होत जातो आणि इंद्रायणीकाठच्या इंदुरीवरून जाणारा तळेगाव-चाकण रस्ता कांदा-बटाट्यासाठी नावाजलेल्या चाकणच्या बाजारात पोहोचतो. तिथे कांदा तीन हंगामांतून येतो: पावसाळी लाल, त्यामागून रांगडा आणि मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळी. यांपैकी साठवणीस योग्य तो उन्हाळीच. माना पडल्यावर तो उपटतात, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातील असा शेतातच वाळवतात आणि खालून-बाजूंनी वारा खेळेल अशा, जमिनीपासून उंच बांधलेल्या चाळीत भरतात. पावसाळी दमट हवेत काजळी धरते, कोंब फुटतात, वजन घटते. आणि नवा लाल कांदा येण्याआधीच चाळ रिकामी झाली, किंवा २०१९प्रमाणे अवकाळीने लाल कांदाच झोडपला, की भाव भडकतात.

त्या वर्षी २९ सप्टेंबर रोजी निर्यात बंद झाली आणि पुढे आयातही झाली, परंतु आकाराने मोठा, चवीला कमी तिखट असा तो कांदा गिऱ्हाइकाला रुचला नाही आणि काही राज्यांनी आपली मागणी मागे घेतली. डिसेंबर २०२३मध्ये निर्यात पुन्हा थांबली ती मे २०२४पर्यंत, म्हणजे चार पैसे मिळण्याच्या वेळी शेतकऱ्याच्या हातून परदेशी बाजार गेला. हा अन्यायच होय.

उपाय जवळच आहे. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने ‘भीमा शक्ती’सारखे टिकाऊ उन्हाळी वाण दिले आहेत; आयातीवर आणि बंदीवर खर्ची पडणारी धडपड त्यांचे खात्रीचे बियाणे आणि सुधारित चाळी लहान शेतकऱ्यापर्यंत वेळेत पोहोचवण्यासाठी व्हायला हवी.