आधी गाडीचं पोट, मग तोंड

परभणी जिल्ह्यात डांबरी रस्ता सोडून शिवारात उतरणारी गाडी हौसेपेक्षा गरजेपोटी घेतली जाते. जिंतूरच्या डोंगरवाटा, सेलू-मानवतची काळी रानं, गंगाखेडकडचा गोदाकाठ, सगळीकडे बोलेरो आणि थार कामाला जुंपलेल्या दिसतात. गाडी घरी आली की तिच्या संरक्षणावर खर्च करायला कुणी मागेपुढे पाहत नाही. पण तो खर्च बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरू होतो.

गैरसमज : सगळ्यात आधी पुढं लोखंडी गार्ड बसवावं.

गार्ड यादीत शेवटीसुद्धा नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना स्पष्ट कळवलं की असं गार्ड बसवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा, म्हणजे धक्का माणसांपर्यंत कमी पोचावा, अशाच हिशेबानं बनवलेला असतो. गार्ड तो धक्का थेट चेसीकडे पोचवतं आणि एअरबॅग उघडण्याची वेळही चुकवू शकतं.

गैरसमज : फोर बाय फोर आहे, मग चिखलाची काय भीती?

आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झाली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. ओल्या रानात चाक चार-दोन फेरे फिरलं की टायरच्या खाचा मातीनं बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग दोन चाकांऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरतात, एवढाच फरक. म्हणून पैसे आधी टायरवर घालावेत. रुंद, खोल खाचांचे टायर फिरता फिरता माती झटकतात. पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते, आवाजही होतो. रोजचं येणं-जाणं पक्क्या रस्त्यानं असेल तर दोन्हीकडे चालणारे ऑल-टेरेन टायर बरे. हवा थोडी कमी केली की पकड वाढते, म्हणून हवा परत भरायला छोटा पंप गाडीत हवाच. आणि मोठ्या पावसानंतर वापसा येईपर्यंत काळ्या रानात कुठलाच टायर चालत नाही. शेतकरी पाळी घालायला थांबतो, तसं गाडीवाल्यानंही थांबावं.

गैरसमज : विंच असली की कुठंही फसा, निघता येतं.

विंचेला दोर बांधायला झाड लागतं. सपाट शिवारात ते हाताशी असेलच असं नाही. ट्रॅक्टर मात्र गावात हमखास मिळतो. खरी पंचाईत पुढं येते : दोर बांधायचा कुठं? कुणी बंपरला बांधतं, कुणी ट्रॉली ओढायच्या गोळ्याला. आसापर्यंत रुतलेली गाडी सोडवायला तिच्या वजनाइतका किंवा त्याहून जास्त जोर लागू शकतो. एवढ्या ताणात गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि अशानं माणसं मेली आहेत. त्यामुळे टायरच्या बरोबरीनं खर्च करायचा तो चेसीला बोल्टनं घट्ट बसवलेल्या, पुढच्या आणि मागच्या हुकांवर, वजनमर्यादा छापलेल्या शॅकलवर आणि चांगल्या पट्ट्यावर. आधी फावड्यानं चाकांपुढची माती काढा. ताणलेल्या पट्ट्यावर ओलं गोणपाट टाका, बघ्यांना लांब पाठवा. ट्रॅक्टरवाल्या दादांना लहान गिअरमध्ये हळू ओढायला सांगा. पट्ट्याऐवजी साखळी असेल तर तिला हिसका कधीच देऊ नये.

गैरसमज : खाली जाड पत्रा ठोकला की चेंबर सुरक्षित.

जिंतूरच्या दगडगोट्यांत हे खरं आहे. तिथं ऑइलचं चेंबर आणि गिअरबॉक्स झाकणारी प्लेट हवीच. पण ती चेसीला बोल्टनं बसवलेली असावी, वेल्डिंगनं नको, आणि तिला पाणी निघायला भोकं असावीत. काळ्या मातीच्या पट्ट्यात तीच प्लेट चिखल साठवते. तो वाळून घट्ट झाला की गरम हवा कोंडते. वाळलेलं गवत अडकून सायलेन्सरपाशी पोचलं तर पेट घेऊ शकतं. म्हणून माती ओली असतानाच खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

गैरसमज : स्नॉर्केल लावला की ओढा पार.

स्नॉर्केल फक्त इंजिनात हवेबरोबर पाणी जाऊ देत नाही. वाहत्या पाण्याच्या रेट्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. थारसाठी कंपनीनं दिलेली पाण्याची मर्यादा ६५० मिमी आहे, पण साधारण ६० सेंमी वाहतं पाणी मोठ्या गाड्यासुद्धा वाहून नेतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. स्नॉर्केलच्या आधी डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या नळ्या उंच करून घ्या. काम छोटं आहे. खोल पाण्यातून जाऊन आल्यावर दोन्हीकडचं ऑइल थोडं काढून पाहा. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. ऑइल बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका.