वृद्धाश्रम : आजी-आजोबांना नेमकं काय वाटतं?



'वृद्धाश्रम : शाप की वरदान' हा निबंध तुम्ही कधी ना कधी लिहिला असेलच. त्यात बहुतेक वेळा मुलगा कृतघ्न असतो, सून वाईट असते आणि शेवटी आई पदराने डोळे पुसते. पण ज्यांना तिथे राहायला जायचं असतं, त्यांचं मत त्या निबंधात कुठेच नसतं. आज आपण तेच समजून घेऊ या.

हा प्रश्न आपल्या दारात कसा आला?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीच्या पुढची माणसं सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात तर दर शंभरात जवळपास दहा जण या वयाचे होते. आता आपलं सोलापूर बघा. हे गिरण्यांचं गाव. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या. यंत्रमाग आणि विडीवर हजारो घरं चालली. मुलं शिकली आणि नोकरीसाठी अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला गेली. घर इथे, मुलगा तिथे. यात दरवेळी कुणाची तरी चूक असतेच असं नाही. पण रात्री आजी बाथरूममध्ये पडली तर उचलणार कोण, हा प्रश्न उरतोच.

नको म्हणण्यामागची कारणं

समजा, साखर पेठेत एक आजी राहतात. वय ७४. चाळीस वर्षं विड्या वळल्या, घरात तेलुगू बोलतात. मुलगा म्हणतो, "अम्मा, पुण्यात चांगला वृद्धाश्रम आहे." आजी नको म्हणतात. का?

१. लोक काय म्हणतील? आपल्याकडे वृद्धाश्रम म्हणजे 'पोरांनी टाकलं' असाच अर्थ लावतात. आजींना स्वतःपेक्षा मुलाच्या अब्रूची काळजी जास्त असते.

२. सवयी. कडक भाकरी, शेंगा चटणी, दारातला कट्टा, शेजारणीशी तेलुगूत गप्पा, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. या गोष्टी सामानात बांधून नेता येत नाहीत. तिथे तेलुगू बोलणारं कुणीच नसेल तर आजी बोलायच्याच बंद होतील.

३. पैसा. विडी कामगार बाईला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. श्रावणबाळ योजनेतून पात्र निराधार वृद्धांना महिना १५०० रुपये मिळतात. एवढ्यात वृद्धाश्रमाची फी भागत नाही. म्हणजे पुन्हा मुलावरच ओझं.

४. परत येता येणार नाही ही भीती. आपण गेलो की घर विकतील, असं अनेकांच्या मनात असतं. तोंडाने मात्र कुणी बोलत नाही.

मग काही जण आनंदाने का जातात?

हो, असेही आजी-आजोबा आहेत, बरं का! जोडीदार गेलेला, मुलं परदेशात, दिवसभर बोलायला कुणी नाही. अशा वेळी बरोबरीची माणसं, वेळेवर जेवण आणि हाकेला धावून येणारं कुणीतरी, हे हवंसं वाटतं. "कुणाच्या संसारात अडचण नको," असंही काही जण म्हणतात. ठरावीक वयानंतर संसारातून बाजूला व्हावं, ही वानप्रस्थाची कल्पना तर आपल्याकडे जुनीच आहे.

आता नीट लक्ष द्या. खोली तीच, जेवण तेच. तरी एक आजोबा रमतात आणि दुसरे खिडकीशी बसून राहतात. तब्येत आणि स्वभाव यांचा वाटा असतोच. पण मोठा फरक असतो तो निर्णय कुणी घेतला याचा. स्वतः बघून, ठरवून आलेला माणूस तिथे राहायला आलेला असतो. "दवाखान्यात दाखवून आणू" असं सांगून ज्याला आणलं, त्याला मात्र फसवल्यासारखं वाटतं. त्याचा विश्वास उडतो, आणि मग चांगली सोयही त्याला गोड लागत नाही.

कायदा काय सांगतो?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आई-वडिलांना मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. तिथे वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट' नाटकातले अप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना वाटून देतात आणि बेघर होतात. त्या काळी हा कायदा नव्हता. आता आहे, पण तो घरातल्या आजींना कुणी सांगितलेला नसतो. मदतीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन लक्षात ठेवा.

घरात हा विषय निघाला तर

- आजारपण येण्याआधीच, शांतपणे बोला. आधी विचारा, मग सुचवा.
- आजी-आजोबांना सोबत घेऊन दोन-तीन ठिकाणं बघा. महिनाभर राहून बघायला सांगा आणि तोवर घराची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या.
- चौकशी करा : रात्री कोण असतं? डॉक्टर किती वेळाने येतात? अनामत रक्कम परत मिळते का? कुणी त्यांची भाषा बोलतं का?
- अंथरुणाला खिळल्यावरही ठेवून घेतील का, हे आधीच विचारा. अनेक वृद्धाश्रम फक्त हिंडत्या-फिरत्या माणसांनाच घेतात. शुश्रूषेची सोय वेगळी असते.
- 'नाही' म्हणाले तर तेही उत्तर आहे. मग दिवसा मदतनीस, शेजाऱ्यांकडे एक किल्ली, रोजचा फोन असे मार्ग शोधा.

थोडक्यात काय, वृद्धाश्रम शाप की वरदान, हे इमारत बघून ठरत नाही. तिथे जाणाऱ्याला विचारलं होतं का, यावर बरंचसं ठरतं.

स्वाध्याय : आज घरी गेल्यावर आजी किंवा आजोबांजवळ बसा आणि विचारा, "म्हातारपणी कुठं राहायला आवडेल तुम्हाला?" मध्ये न बोलता ऐका. मग त्यांच्याच शब्दांत दहा ओळी लिहा.