चित्रपट आणि दूरचित्रवाणीतून संभाषणाचे इंग्रजी

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून शिकविले जात असे. म्हणजे शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याने पूर्वी निदान सहा वर्षे आणि आता दहा वर्षे या भाषेचा अभ्यास केलेला असतो. छापील मजकूर त्याला कळतो, अर्जही लिहिता येतो. परंतु नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजीतून आला की तो गप्प बसतो. पुष्कळदा उत्तर ठाऊक नसते म्हणून नव्हे, तर प्रश्नच नीट ऐकू उमगलेला नसतो म्हणून. आपल्याला इंग्रजी येतच नाही, असा समज करून घेऊन तो परततो. वस्तुतः त्याचे इंग्रजी डोळ्यांनी शिकलेले असते. कानांना त्याची सवय झालेली नसते, इतकेच. ही सवय लावण्यासाठी चित्रपट आणि दूरचित्रवाणी ही घरबसल्या मिळणारी साधने होत. मात्र ती वापरण्याची एक रीत आहे.

लिहिलेले आणि बोललेले

मराठी बोलताना प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखेच वजन मिळते. इंग्रजीची चाल निराळी आहे. वाक्यातील महत्त्वाच्या शब्दांवर आघात येतो आणि मधले लहान शब्द आक्रसून जातात. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे पुस्तकातील वाक्य बोलताना ‘व्हॉटर्य गॉना डू’ असे ऐकू येते. ‘व्हेजिटेबल’ असे वाचून पाठ केलेला शब्द ‘व्हेजटबल’ होऊन कानी पडतो. शब्द ओळखीचेच असतात, पण त्यांचे रूप पालटलेले असते.

पडद्यावर बोलणाऱ्याचे ओठही दिसतात, हा आणखी एक लाभ होय. ‘वाइन’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, तर ‘व्हाइन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठीत हा भेद अर्थ बदलत नसल्याने तो कानांना सहसा जाणवत नाही; डोळ्यांना मात्र दिसू शकतो.

अक्षरे कोणत्या भाषेतील असावीत?

पडद्याच्या तळाशी उमटणारी संवादांची अक्षरे, म्हणजेच सबटायटल, शिकणाऱ्याला मोठा आधार देतात. अमेरिकेत १९८० साली दूरचित्रवाणीवर अशा अक्षरांची सोय झाली ती मुख्यतः कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. भाषा शिकणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो, हे पुढे संशोधकांच्या ध्यानी आले.

ही अक्षरे मातृभाषेत असावीत की इंग्रजीत? हॉल्गर मिटरर व जेम्स मॅक्वीन या संशोधकांचा या प्रश्नावरील प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांना त्यांनी स्कॉटलंड व ऑस्ट्रेलिया येथील अपरिचित ढंगाच्या इंग्रजीतील दृश्ये सुमारे २५ मिनिटे दाखविली. काहींना सोबत इंग्रजी अक्षरे होती, काहींना डच, तर काहींना कोणतीच नव्हती. नंतर त्याच बोलणाऱ्यांची नवी वाक्ये ऐकविली असता, इंग्रजी अक्षरे पाहिलेल्यांना ती अधिक चांगली ओळखता आली. डच अक्षरे पाहिलेले मात्र काहीही न वाचणाऱ्यांपेक्षाही मागे पडले. मातृभाषेतील अक्षरे गोष्ट समजावून देतात, पण ऐकलेला ध्वनी कोणत्या शब्दाचा, हे सांगत नाहीत. इंग्रजी अक्षरे तो मेळ घालून देतात. कथा कळावी यासाठी मराठी वा हिंदी अक्षरे ठीकच. परंतु कान तयार करण्यासाठी इंग्रजी अक्षरेच लावावीत, हा यातून घ्यावयाचा बोध.

द्या आणि गिव्ह

संभाषणात नम्रतेलाही महत्त्व असते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे भेद असल्याने ‘पाणी द्या’ एवढे म्हटले तरी आदर व्यक्त होतो. इंग्रजीत सर्वांना एकच ‘यू’. त्यामुळे ‘गिव्ह मी वॉटर’ हे त्याचे भाषांतर व्याकरणाने शुद्ध असूनही हुकूम वाटते. तेथे आदर ‘कुड आय हॅव’ किंवा ‘वुड यू माइंड’ अशा रचनांतून येतो. ‘वुड यू माइंड’ या विनंतीला संमती द्यावयाची तर ‘नो’ म्हणावे लागते, कारण मूळ प्रश्न ‘आपली हरकत आहे का’ असा असतो. कोण, कोणाशी, कोणत्या प्रसंगी बोलतो, हे चित्रपटात डोळ्यांसमोर घडत असल्याने असे बारकावे सहज मनात ठसतात.

अभ्यासाची रीत

संपूर्ण चित्रपट सलग पाहणे म्हणजे करमणूक. अभ्यासासाठी दोन-तीन मिनिटांचे दृश्य पुरेसे आहे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा कार्यक्रम एकदा निघून गेला की गेला. आज साध्या मोबाइलवरही दृश्य थांबविता व मागे नेता येते. प्रथम ते अक्षरांवाचून पाहावे व प्रसंगाचा अंदाज घ्यावा. दुसऱ्या वेळी इंग्रजी अक्षरे लावावीत. तिसऱ्या वेळी प्रत्येक वाक्यानंतर थांबून, त्याच आघातांसह ते मोठ्याने म्हणावे. अखेरीस अक्षरे काढून पुन्हा ऐकावे. उपयोगी पडतील अशी तीन-चार वाक्ये वहीत उतरवावीत आणि दुसऱ्या दिवशी न पाहता म्हणावीत.

निवडीतही विवेक हवा. हाणामारीच्या चित्रपटांत संवाद थोडे असतात. घर, कचेरी वा न्यायालयातील प्रसंग अधिक उपयुक्त. बातम्यांचा उच्चार स्पष्ट असला तरी ते वाचन असते, संभाषण नव्हे. चित्रपटातील सवंग किंवा शिवराळ बोली मुलाखतीत शोभणारी नसते, याचेही भान ठेवावे.

पडदा बोलतो, पण आपले ऐकत नाही आणि आपली चूकही दुरुस्त करीत नाही. म्हणून शिकलेली वाक्ये मित्र, भावंडे किंवा शिक्षक यांच्याशी रोज दहा मिनिटे बोलून पाहणे अगत्याचे आहे. दोघांनाही इंग्रजी बेताचेच येत असले तरी चालेल. एकाने विचारावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे. कानांना ओळख आणि जिभेला वळण लाभले की शाळेत कष्टाने मिळविलेले इंग्रजी ऐन वेळी साथ देऊ लागते, आणि मुलाखतीतील पहिला प्रश्न अनोळखी वाटत नाही.