वजन तेच, ताकद वाढती

जिममध्ये डंबेल्सची रांग असते. पाच, साडेसात, दहा, साडेबारा. आजचं हलकं वाटलं की उद्या शेजारचं उचलायचं. घरी मात्र बाल्कनीच्या कोपऱ्यात, कुंड्यांच्या शेजारी, एकच १६ किलोंची केटलबेल असते. ती हलकी वाटू लागली, तरी शेजारी दुसरी नसते. फ्लॅटमध्ये जागा कमी आणि लोखंड स्वस्त नाही. मोबाइलवर शोधायला जावं, तर शेकडो व्यायाम-कार्यक्रम समोर येतात आणि प्रत्येक जण आपलाच सर्वांत चांगला असं सांगतो. यातून निवड कशी करायची?

माझ्या मते एक प्रश्न पुरेसा आहे. कुठलाही कार्यक्रम हाती घ्या आणि विचारा, वजन वाढणार नसेल, तर यात आठवड्यागणिक दुसरं काय वाढणार आहे? ज्याच्याकडे याचं आकड्यांत उत्तर आहे, तो कार्यक्रम निवडावा. जो फक्त दमवतो, तो बाजूला ठेवावा. दमणं आणि बलवान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या प्रश्नाचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडतं. शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरकडे गुडघे दुखावलेले सैनिक येत. अशा रुग्णांना हलका व्यायाम पुष्कळ वेळा करायला देण्याची तेव्हा रीत होती. डिलॉर्म स्वतः वजनं उचलणारे. त्यांनी जड वजन, मोजक्या आवृत्त्या आणि पेलेल तसा वाढता भार अशी पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये ती शोधनिबंधातून मांडली. आज जिममध्ये 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' म्हणतात, त्याची वैद्यकीय सुरुवात इथली. शरीर सवयीच्या ताणाला दाद देत नाही, म्हणून ताण चढता हवा. पण ताण म्हणजे केवळ किलो नव्हेत, आणि एकच केटलबेल असलेल्या माणसासाठी सगळी वाट इथून पुढे खुली होते.

बाजारातलं माप

रशियन भाषेत केटलबेलला 'गिर्या' म्हणतात. बाजारात धान्य तोलायला वापरायची लोखंडी वजनं, हे तिचं मूळ. तिथलं जुनं माप 'पूद', म्हणजे १६.३८ किलो. आजही केटलबेलची ठरलेली वजनं १६, २४ आणि ३२ किलो आहेत, ती याच हिशेबाने: एक पूद, दीड पूद, दोन पूद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गचे डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्हस्की यांनी वजनं उचलण्याच्या व्यायामाला शिस्त आणि प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि गिर्या व्यायामशाळेत स्थिरावली.

पुढे तिचा स्वतंत्र खेळ झाला. त्याचा नियम आपल्या प्रश्नासाठी फार बोलका आहे. वेटलिफ्टिंगमध्ये जो जास्त किलो उचलतो, तो जिंकतो. गिर्याच्या स्पर्धेत मात्र गटातल्या सगळ्यांना सारखंच वजन मिळतं, वेळ १० मिनिटं, आणि ते मध्ये खाली टेकवायचं नाही. ज्याच्या आवृत्त्या जास्त, तो विजेता. इथे खेळाडूची सगळी प्रगती संख्येत, श्वासात आणि तंत्रात मोजली जाते.

आपल्या तालमींना ही कल्पना परकी नाही. पैलवान दंड आणि बैठका काढतो, तेव्हा वजन त्याच्या स्वतःच्या देहाचंच असतं. वाढते ती संख्या. आपल्याकडचे मुद्गल ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात युरोपात नेले आणि 'इंडियन क्लब्स' या नावाने ते तिथे लोकप्रिय झाले. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धाही होती. एकच साधन घेऊन वर्षानुवर्षं मेहनत करता येते, हे तालमीच्या मातीला केव्हापासून ठाऊक आहे.

१६ चे ४८ कसे होतात

केटलबेलचा पायाभूत व्यायाम म्हणजे स्विंग. दोन्ही हातांनी कडी धरायची, कमरेतून वाकून बेल दोन्ही पायांच्या मधून मागे न्यायची आणि नितंबांच्या झटक्याने छातीच्या उंचीपर्यंत झुलवायची. हात फक्त दोरीचं काम करतात.

इथे शाळेतलं लंबकाचं गणित उपयोगी पडतं. दोरीला बांधलेला गोळा आडवा धरून सोडला, तर सर्वांत खालच्या बिंदूला दोरीवरचा ताण गोळ्याच्या वजनाच्या तिप्पट होतो. एक पट गुरुत्वाकर्षणाची, दोन पट वर्तुळातल्या गतीची. दोरी लांब असो वा आखूड, उत्तर बदलत नाही. म्हणजे छातीपर्यंत गेलेली १६ किलोंची बेल खाली येते, तेव्हा आदर्श लंबकाच्या हिशेबाने ती ४८ किलोंचा ताण देते. आपला खांदा भिंतीतल्या खिळ्यासारखा स्थिर नसतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा येईल. पण दिशा हीच. बेल नुसती पडू न देता जाणून खाली खेचली, तर ताण आणखी वाढतो. त्याच लोखंडातून जास्त काम काढण्याचा पहिला मार्ग वेग आहे.

याचा परिणाम प्रयोगांतही दिसला. ब्रिटनमधल्या जेसन लेक आणि माइक लॉडर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुणांनी ६ आठवडे, आठवड्यातून दोनदा, १२ मिनिटं स्विंग केले. ३० सेकंद काम, ३० सेकंद विश्रांती. बेल वजनानुसार १२ किंवा १६ किलोंची. त्यांची अर्ध्या बैठकीतली कमाल ताकद सुमारे १० टक्क्यांनी वाढली. डेन्मार्कमध्ये २०११ च्या अभ्यासात ४० कर्मचाऱ्यांपैकी एका गटाने ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं केटलबेलचा व्यायाम केला. त्यांचं मान, खांदे आणि कंबर यांचं दुखणं कमी झालं, पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. दमश्वास मात्र मोजण्याइतका सुधारला नाही. म्हणून स्विंग करतो तर चालायला कशाला जायचं, असं म्हणू नये.

स्नायूंना किलो वाचता येत नाहीत

स्नायूतले तंतू गटागटाने कामाला लागतात. लहान गट आधी, मोठे आणि बलवान गट गरज पडेल तसे नंतर. एल्वुड हेनेमन यांनी मांडलेलं हे तत्त्व शरीरक्रियाशास्त्रात पक्कं बसलं आहे. मोठ्या गटांना हाक मारायचे तीन मार्ग आहेत. जड वजन उचला, मध्यम वजन झपाट्याने हलवा, किंवा मध्यम वजन थकवा येईपर्यंत उचलत राहा. पहिला मार्ग आपल्याकडे नाही, पण उरलेले दोन आहेत.

हलक्या आणि जड भाराची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रॅड शॉनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घेतला. स्नायू दमेपर्यंत काम केलं, तर दोन्ही भारांनी आकारात जवळपास सारखीच वाढ होते. एका झटक्यात जास्तीत जास्त उचलण्याची ताकद मात्र जड भारानेच अधिक वाढते. एका बेलवर किती आशा ठेवायची, हे यातून कळतं. कामाची ताकद, टिकाव आणि स्नायू नक्की मिळतील, पण वेटलिफ्टरची कमाल ताकद हवी असेल, तर पुढे कधीतरी वजन वाढवावंच लागेल.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते आणि आरशात काहीच दिसत नाही, तेव्हा नाउमेद होऊ नये. त्या काळात मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना नीट हाक मारायला शिकत असतात. स्नायूंची भर नंतर पडते.

तीन कार्यक्रम, तीन प्रकारची वाढ

आता निवडीकडे येऊ. मिन्स्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत केटलबेल लोकप्रिय करणारे पावेल त्सात्सुलिन यांचे दोन कार्यक्रम आणि वर सांगितलेला स्पर्धात्मक खेळ, असे तीन नमुने ताडून पाहू.

पहिला 'सिंपल अँड सिनिस्टर', २०१३ सालचा. त्यात फक्त दोन व्यायाम: १० च्या १० फेऱ्यांत १०० स्विंग आणि दोन्ही बाजू मिळून १० टर्किश गेट-अप. गेट-अप म्हणजे पाठीवर झोपून एका हाताने बेल आकाशाकडे धरायची आणि हात तसाच ताठ ठेवून, पायरी-पायरीने पूर्ण उभं राहायचं. या कार्यक्रमात संख्या ठरलेली असते आणि विश्रांती कमी होत जाते. आधी एका फेरीनंतर नीट बोलता येईपर्यंत थांबायचं. काही महिन्यांनी तेच १०० स्विंग ५ मिनिटांत बसवायचे. एका फेरीला १५ सेकंद धरले, तर मधे श्वास घ्यायला उरतात १५ सेकंद. वेळ कमी असलेल्या, नुकती सुरुवात करणाऱ्या माणसाने हा निवडावा.

दुसरा, २००६ च्या 'एंटर द केटलबेल' या पुस्तकातला शिडीचा कार्यक्रम. बेल खांद्यापाशी आणायची आणि डोक्यावर ढकलायची, म्हणजे क्लीन अँड प्रेस. आधी दोन्ही हातांनी एकेक, मग दोन-दोन, मग तीन-तीन. ही झाली एक शिडी. सुरुवातीला १-२-३ च्या तीन शिड्या, म्हणजे प्रत्येक हाताला १८ प्रेस. मग शिड्या पाच होतात, ३० प्रेस. मग प्रत्येक शिडीला चौथी पायरी, ५० प्रेस. शेवटी पाचवी, ७५ प्रेस. १८ वेळा १६ किलो म्हणजे २८८ किलो. ७५ वेळा १६ किलो म्हणजे १,२०० किलो. बेल तीच, एका हाताचं काम चौपटीहून जास्त. शिवाय यात आठवड्याला एक जड, एक हलका आणि एक मध्यम दिवस असतो, आणि या हलक्या दिवसाचं मोल मोठं आहे. शरीर कसरत करताना बळकट होत नाही, सावरताना होतं. खांदे आणि दंड घडवायचे असतील आणि बेल सध्या पाच-सहा वेळाच डोक्यावर जात असेल, तर हा कार्यक्रम घ्या. ती पंधरा वेळा जात असेल, तर यासाठी ती बेल हलकी आहे.

तिसरा गिर्याच्या खेळाचा मार्ग. मध्यम गतीने, बेल न टेकवता आधी २ मिनिटं, मग ३, मग ४. इथे वाढतो तो वेळ. ज्याला बेल हलकी पडू लागली आहे आणि ज्याचं तंत्र पक्कं आहे, त्याने इकडे यावं.

तिन्हींची सरमिसळ मात्र करू नये. विश्रांती, संख्या किंवा वेळ यांपैकी एकच कळ एका वेळी फिरवावी आणि किमान ६ आठवडे तीच फिरवत राहावी.

बेल जे देत नाही, ते

स्विंग म्हणजे बैठक नव्हे. म्हणून बेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट जोडावेत. ते सोपे झाले, तर एक पाय मागे ठेवून बैठका माराव्यात. एका पायावर भार आला की १६ किलो पुन्हा जड होतात. ओढण्याचा व्यायामही एका बेलने अपुरा पडतो. वाकून एका हाताने रोइंग करावं, आणि जमत असेल तर दाराला पुल-अपचा दांडा लावावा. दंड तर आहेतच, त्यांना चटईपुरती जागा लागते.

पहिला आठवडा बेलशिवाय

स्विंगच्या आधी कमरेतून वाकणं शिकायला हवं. मॉपची दांडी पाठीवर उभी धरा. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता हात पिठाने भरलेले असताना मागचं दार नितंबांनी लोटतो, तसं मागे सरका. गुडघे थोडेच वाकतात. एकाही ठिकाणची दांडी सुटली, तर पाठ गोल झाली असं समजा. हे सलग वीस वेळा जमेपर्यंत बेलला हात लावू नये. गेट-अप शिकताना बेलऐवजी मुठीवर चप्पल ठेवा. ती पडली नाही, म्हणजे मनगट आणि खांदा सरळ आहे.

कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की स्विंगमध्ये कंबरेच्या मणक्यांवर येणारा सरकता भार नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे काहींची पाठ स्विंगने सुधारते, तर काहींची दुखावते. दुखलं तर जिद्द धरू नये, थांबावं. रक्तदाब, हृदयविकार, सरकलेली गादी किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणखी काही गोष्टी इथल्या हवेच्या. कोकणात, मुंबईत घामाने कडी निसटते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर हात आणि कडी पुसा. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून स्विंग नको, अनवाणी बरं. खाली जाड गोणपाट किंवा मॅट टाका, खालच्या मजल्यावरच्यांनाही झोप हवी असते. पावसाळ्यात लोखंड गंजतं, ते कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.

आणि एक वही ठेवा. तारीख, संख्या, विश्रांती, एवढंच लिहा. बेल दिसायला रोज सारखीच असते, त्यामुळे वाढ डोळ्यांना जाणवत नाही, ती वहीतच दिसते. सलग तीन आठवडे आकडे सहज पुढे सरकले आणि शेवटची आवृत्तीही पहिलीसारखी स्वच्छ झाली, तर २४ किलोंची बेल घेण्याचा विचार करा. ती उडी ५० टक्क्यांची आहे, हे विसरू नका. म्हणून १० फेऱ्यांपैकी आधी दोनच नव्या बेलने करा, आठ जुन्या बेलनेच. १६ किलोंची ती बेल गेट-अपला आणि हलक्या दिवसाला वर्षानुवर्षं लागणारच आहे.