उकिरड्यातली अंडी

देवणी परिसरातील शेतकरी कुटुंबांना अंडी उबवण्याची रीत खुडूक कोंबडीमुळे ठाऊक असते; ती 21 दिवस पाटीत बसून राहते आणि चोचीने अंडी उलटीपालटी करते, हे घरातल्या लेकरांनीही पाहिलेले असते. सापाच्या अंड्याला नेमकी हीच माया मारक ठरते. कोंबडीच्या अंड्यातील बलक पिळदार दोऱ्यांनी मधोमध टांगलेला असतो. सापाच्या अंड्यात असे दोरे नसतात, आणि वाढू लागलेला गर्भ लवकरच वरच्या बाजूच्या आतल्या पडद्याला चिकटत असल्यामुळे, नंतर अंडे उलटले तर तो बहुधा गुदमरून मरतो.

उन्हाळा सरताना शेणखत उपसले की कधी कधी धामणीची किंवा नागाची अंडी हाती लागतात. ती लांबट, चामड्यासारख्या मऊ कवचाची आणि पुष्कळदा एकमेकांना चिकटलेली असतात. कुजत्या खताची ऊब त्यांना पोसते, तर कवच आजूबाजूची ओल शोषून घेत असल्याने अंडे हळूहळू फुगते आणि जागा कोरडी पडली की पिचते. साधारण दोन महिन्यांनी पिल्लू तोंडाच्या टोकावरील इवल्या दाताने कवच चिरते. नागाचे असेल तर ते पहिल्या दिवसापासून विषारी असते. घोणस मात्र थेट पिल्लांना जन्म देते, त्यामुळे तिची अंडी पाहिल्याचे सांगणाऱ्याने दुसराच साप पाहिलेला असतो.

अंडी हलवणे भागच असेल तर काय करावे लागते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला दिसते. तेथे 2002 पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ आणि गावकऱ्यांनी समुद्री कासवांची अंडी जपली. घरटे सापडताच ती कुंपणाच्या आत, मूळ खड्ड्याच्याच खोलीच्या आणि आकाराच्या खड्ड्यात पुरली जातात. कासवाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात. सापांत ते गुणसूत्रांवर ठरते.

घरी खोक्यात अंडी उबवण्याची हौस इथे कायद्यालाही अडते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस ‘शिकार’ या व्याख्येतच बसते, आणि शहरांत पाळल्या जाणाऱ्या इग्वाना, बॉल पायथन अशा विदेशी प्राण्यांचीही 2024 च्या नियमांनुसार नोंदणी लागते.

नागीण अंड्यांजवळ थांबून राखण करते. म्हणून खतात अंडी दिसली तर हात न घालता दूर व्हावे, तेवढा भाग उपसायचा ठेवावा आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे.